शब्दविचार : ‘अ‍ॅसे’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी आहे. औषधाच्या गुणवत्तेविषयीच्या कागदपत्रांत ‘आयडेंटिफिकेशन’, ‘टेस्ट्स’ आणि ‘अ‍ॅसे’ असे तीन वेगळे मथळे असतात. पहिल्यासाठी आम्ही ‘ओळख’ लिहितो. पण उरलेल्या दोन्हींसाठी वर्गातल्या टिपणांत ‘चाचणी’ हा एकच शब्द आहे. कोशांत पाहिले तर परीक्षण, पारख, कस, आमापन, पृथक्करण असे अनेक शब्द समोर येतात. त्यांतला नेमका कोणता घ्यावा?

उत्तर : कोशातले शब्द तूर्त बाजूला ठेवून त्या तीन मथळ्यांखाली कोणते प्रश्न विचारलेले असतात, ते आधी पाहू. ‘ओळख’ या मथळ्याखाली हा पदार्थ लेबलवर लिहिलेलाच आहे का, हे पाहिले जाते. ‘टेस्ट्स’ या मथळ्याखाली नको असलेली द्रव्ये मर्यादेबाहेर नाहीत ना, ओलावा अधिक नाही ना, गोळी ठरलेल्या वेळात विरघळते ना, अशा अटी तपासल्या जातात. तेथेही आकडे निघतात. पण ते मर्यादेच्या आत आहेत की बाहेर, एवढ्यापुरतेच त्यांचे महत्त्व असते, आणि शेवटी माल उतरला की नाही उतरला, एवढेच उत्तर हाती येते. ‘अ‍ॅसे’चा प्रश्न निराळा आहे. पदार्थ कोणता, हे तेथे आधीच ठाऊक असते. विचारायचे असते ते हे, की त्यातला गुणकारी घटक नेमका किती आहे, किंवा त्याची ताकद किती आहे. या प्रश्नाचे उत्तर संख्येतच द्यावे लागते. म्हणून ‘टेस्ट’साठी ‘चाचणी’ आणि ‘अ‍ॅसे’साठी ‘आमापन’ हे शब्द आपण वेगळे ठेवावेत. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला, तर कागदावरचे दोन वेगळे प्रश्न वाचकाला एकच वाटू लागतात, आणि औषधाच्या बाबतीत ही गफलत साधी नव्हे.

‘आमापन’ हा शब्द बोलण्यातला नाही. तो परिभाषेसाठी घडवलेला आहे आणि पहिल्यांदा वाचणाऱ्याला परका वाटतो, हे खरे. तरीही मी त्याच्या बाजूने आहे. ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूपासून मान, माप, मापन, प्रमाण, परिमाण हे शब्द आले आणि त्याच कुळात ‘आ’ हा उपसर्ग लावून ‘आमापन’ झाला; त्यामुळे ‘किती?’ हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटातच आहे. नुसते ‘मापन’ म्हणून का भागत नाही, असे आपण विचाराल. मापन हा व्यापक शब्द आहे. लांबीचे मापन होते, तापमानाचे होते, पावसाचेही होते, आणि तेथे उपकरणावरचा आकडा वाचला की काम झाले. गोळीतले औषध किंवा धातूतले सोने असे थेट वाचता येत नाही. नमुना विरघळवावा लागतो, तापवावा लागतो, त्याची दुसऱ्या द्रव्याशी अभिक्रिया घडवावी लागते आणि बहुतेक वेळा ज्याची शक्ती आधीच ठरलेली आहे अशा प्रमाण नमुन्याशी त्याची तुलना करावी लागते. एवढ्या खटाटोपानंतर जो आकडा मिळतो, त्या आकड्याच्या मागची सगळी कृती म्हणजे आमापन.

हा फरक ‘बायोअ‍ॅसे’च्या, म्हणजे जैव आमापनाच्या बाबतीत फार स्पष्ट होतो. १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागला, तेव्हा ते शुद्ध रूपात वेगळे करून तोलता येत नव्हते. स्वादुपिंडाच्या अर्कात इन्सुलिन किती आहे, हे समजण्यासाठी तो अर्क उपाशी ठेवलेल्या सशाला टोचून त्याच्या रक्तातली साखर किती उतरते, हे पाहावे लागे, आणि इन्सुलिनचे एकक सुरुवातीला याच परिणामावरून ठरवले गेले. आज एक आंतरराष्ट्रीय एकक म्हणजे मानवी इन्सुलिनचे ०.०३४७ मिलिग्रॅम, असे वजनातही सांगता येते. तरी रुग्णाची मात्रा अजूनही एककांतच लिहिली जाते. त्याच्याही आधी, १८९७ मध्ये, जर्मन वैज्ञानिक पाउल एर्लिख यांनी घटसर्पावरच्या प्रतिविषाची (रोगाचे विष निकामी करणाऱ्या द्रव्याची) ताकद ठरवण्याची पद्धत घालून दिली होती, तिच्यातही प्रमाण नमुन्याशी तुलना हाच पाया होता. अशा ठिकाणी ‘सशावरील चाचणी’ असे लिहिले, तर औषध सुरक्षित आहे की नाही हे सशावर पाहिले, असा अर्थ वाचक घेईल. ‘सशावरील जैव आमापन’ असे लिहिले, तर औषधाची ताकद मोजली, हे त्याला कळेल.

लिहिताना आणखी एक गोष्ट सांभाळावी. चाचणी आणि विश्लेषण नमुन्याचे होते, तर आमापन त्यातल्या घटकाचे होते. ‘गोळीची चाचणी केली’ हे वाक्य पूर्ण आहे. ‘गोळीचे आमापन केले’ हे अपुरे आहे. ‘गोळीतील पॅरासिटामॉलचे आमापन केले’ असे लिहिले, म्हणजे वाक्य पुरे होते.

प्रश्न : आमच्या घरात सोन्याचांदीचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि ‘कस लावणे’ हा आमचा रोजचा शब्द आहे. तपासणीच्या कागदावर मात्र आता ‘फायर अ‍ॅसे’ असे येते. ‘कस’ हा शब्द असताना ‘आमापन’ हा नवा शब्द कशासाठी? आणि ‘निकष’ व ‘निकस’ हे एकच आहेत का?

उत्तर : आपल्या प्रश्नाने मला विशेष आनंद झाला, कारण ‘कस’ हा ‘अ‍ॅसे’चा मराठीतला सर्वांत जुना आणि सर्वांत जिवंत प्रतिशब्द आहे, आणि त्याचा प्रवास पाहिला म्हणजे चाचणी, मोजमाप आणि गुण या तीन कल्पना भाषेत एकमेकींत कशा मिसळतात, हे दिसते.

संस्कृतात ‘कष्’ म्हणजे घासणे. काळ्या, बारीक कणांच्या, गुळगुळीत दगडावर सोने घासले की त्याची रेघ उमटते. ती घासण्याची क्रिया आणि ती रेघ म्हणजे ‘कष’, मराठीत ‘कस’. ज्या पाटीवर घासायचे ती ‘कषपट्टिका’, आणि त्याच शब्दापासून आपली ‘कसोटी’ आली. ‘निकष’ हाही त्याच कुळातला : नि अधिक कष, म्हणजे घासण्याचा दगड. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्षाच्या देखरेखीखालच्या अक्षशाळेचे वर्णन आहे, तेथे निकषावर उमटलेल्या रेघेचा रंग पाहून सोन्याचा दर्जा कसा ठरवावा, याचा बारकाईने विचार केलेला आढळतो. पारख करणाराला नुसती रेघ पाहून भागत नसे. ज्ञात शुद्धतेच्या सळ्यांच्या रेघा शेजारी ओढून तो रंग जुळवून पाही आणि पुढच्या काळात रेघेवर आम्ल टाकून कोणती रेघ टिकते, कोणती विरते, हेही पाही. म्हणजे ज्ञात नमुन्याशी तुलना करण्याचे आमापनातले तत्त्व दगडावरच्या या रेघांतही होतेच.

पुढे ‘कस’ या शब्दाचा अर्थ सरकत गेला. आधी ती रेघ होती; मग रेघेवरून कळणारी शुद्धता ‘कस’ झाली; आणि मग शुद्धता मोजण्याचा संबंध मागे पडून कोणत्याही वस्तूच्या अंगी असलेले सत्त्व म्हणजे ‘कस’ असा अर्थ रूढ झाला. जमिनीचा कस, धान्याचा कस, कसदार लेखन हे सगळे प्रयोग या तिसऱ्या पायरीवरचे आहेत. ‘बावनकशी सोने’ या शब्दात मात्र जुना अर्थ टिकून आहे : कसाच्या वरच्या पायरीवर उतरलेले, उत्तम प्रतीचे सोने. मशागत करणे या अर्थाचे ‘कसणे’ हे क्रियापद निराळे आहे, ते ‘कृष्’ या धातूशी जोडतात. त्याची येथे गल्लत करू नये.

आता ‘निकष’ आणि ‘निकस’. हे दोन शब्द एकच नाहीत, उलट अर्थाने ते एकमेकांपासून फार दूर आहेत. ‘निकष’ म्हणजे ज्याच्या आधारे पारखायचे ते प्रमाण : ‘निवडीचे निकष’, ‘गुणवत्तेचे निकष’. ‘निकस’ म्हणजे ज्यात कस उरलेला नाही ते : निकस अन्न, निकस जमीन. छापील मजकुरात ‘निकस ठरवले’ किंवा ‘निकष अन्न’ असे प्रयोग अधूनमधून दिसतात. एका अक्षराच्या फरकाने अर्थ पार पालटत असल्यामुळे मुद्रितशोधकाने या जोडीवर खास लक्ष ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

पारखण्याच्या कामाभोवती मराठीत माणसांची नावेही तयार झाली. ‘पारख’ हा ‘परीक्षा’ या शब्दाचाच प्राकृतातून आलेला भाऊ, आणि परि अधिक ईक्ष् म्हणजे सर्व बाजूंनी पाहणे, हा त्याचा मूळ अर्थ. अर्थशास्त्रात नाणी पारखणाऱ्या अधिकाऱ्याला ‘रूपदर्शक’ म्हटले आहे. मराठी मुलखात हे काम पोतदाराकडे असे. मोल्सवर्थच्या कोशात सरकारी खजिन्यात येणाऱ्या नाण्यांची पारख करणारा अधिकारी, असाच त्याचा अर्थ दिला आहे. ‘सराफ’ हा अरबी ‘सर्राफ’ म्हणजे नाणी बदलून देणारा. आणि ज्याला नाणी बदलून द्यायची त्याला ती पारखता यायलाच हवीत. या शब्दांपैकी काही आज नुसती आडनावे होऊन राहिली आहेत, तरी त्यांच्यामागचे काम ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मग ‘कस’ असताना ‘आमापन’ कशासाठी? घासून, तोडून, तापवून आणि ठोकून अशा चार प्रकारे सोने पारखावे, असे एका प्रसिद्ध सुभाषितात सांगितले आहे. त्यांतल्या तोडण्याने आत दुसरा धातू भरलेला आहे का, हे कळते आणि ठोकण्याने धातूचा मऊपणा कळतो. या खऱ्या अर्थाने चाचण्या आहेत. घासण्याने शुद्धतेचा अंदाज येतो, आणि सराईत डोळ्याचा तो अंदाज पुष्कळ जवळचा असतो. पण तो अंदाजच. तापवण्याची कृती मात्र पुढे इतकी बारकाईची झाली, की तिच्यातून हजारातल्या एका भागाहूनही लहान फरक पकडता येऊ लागला. तीच ‘फायर अ‍ॅसे’.

तिचा क्रम असा आहे. नमुना अत्यंत काटेकोरपणे तोलतात. त्यात सोन्याच्या अंदाजे अडीच ते तीनपट चांदी घालून तो शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात आणि हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या सच्छिद्र वाटीत ठेवून सुमारे एक हजार अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेल्या भट्टीत घालतात. तेथे शिसे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून त्याचे ऑक्साइड, म्हणजे जुन्या वैद्यांना ठाऊक असलेले मुरदाडशिंग, तयार होते आणि ते तांब्यासारख्या हिणकस धातूंना बरोबर घेऊन वाटीत मुरते. वाटीत सोन्याचांदीचा चकचकीत मणी उरतो. तो ठोकून चपटा करतात, लाटून त्याची पातळ पट्टी काढतात, तिची गुंडाळी करतात आणि गरम नायट्रिक आम्लात घालतात. चांदी आम्लात विरघळते, सोने मागे राहते. ते धुऊन, तापवून पुन्हा तोलायचे आणि पहिल्या वजनाशी त्याचे प्रमाण काढायचे. चांदी मुद्दाम मिसळण्याचे कारणही समजून घ्यावे : सोन्याचे प्रमाण फार असेल, तर आम्ल आतल्या चांदीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून ती आधी पुरेशी वाढवावी लागते. भट्टीत सोन्याचा किंचित अंश जातो किंवा गुंडाळीत चांदीचा अंश राहतो, म्हणून शुद्धता माहीत असलेले सोने त्याच भट्टीत, त्याच वेळी शेजारी ठेवून येणाऱ्या चुकीची वजाबाकी करतात. हाती येणारा आकडा हजारांच्या मानाने लिहितात. २२ कॅरट, म्हणजे चोवीस भागांतले बावीस भाग, तो ९१६ होतो.

क्ष-किरणांचे यंत्र दागिन्याला धक्का न लावता काही क्षणांत आकडा दाखवते, ही त्याची मोठी सोय आहे. पण ते पृष्ठभागाजवळचा काही मायक्रॉनांचाच थर पाहते. वर सोन्याचा जाड मुलामा असेल, तर आतले काय, हे त्याला कळत नाही. म्हणून वाद उत्पन्न झाला, की शेवटचा शब्द अजूनही भट्टीतल्या कृतीकडे जातो. यंत्रावर घेतलेल्या आकड्याला ‘तपासणी’ म्हणावे आणि भट्टीतल्या कृतीला ‘आमापन’ म्हणावे, हे मला योग्य वाटते.

थोडक्यात, आपला ‘कस’ सोडून देण्याचे काही कारण नाही. सोने, चांदी आणि धातुके यांच्या संदर्भात ‘कस’ हा शब्द बिनदिक्कत वापरावा : ‘खनिजाचा कस काढला’, ‘कस टनामागे पाच ग्रॅम निघाला’. खाणकामात तर हाच शब्द सर्वांत नेमका आहे, कारण तेथे टनामागे एक ग्रॅम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, अशा प्रमाणांशी गाठ असते आणि खाण चालवायची की नाही, ते या आकड्यावरून ठरते. जेथे कृतीचे वर्णन करायचे असेल, पद्धतींची तुलना करायची असेल किंवा औषध, जीवनसत्त्व, विकर (एन्झाइम) अशा पदार्थांविषयी लिहायचे असेल, तेथे ‘आमापन’ घ्यावे. कारण ‘गोळीचा कस’ म्हटले, की मराठी वाचकाच्या मनात मोजमापाऐवजी सत्त्वाचाच अर्थ आधी उभा राहतो. ‘फायर अ‍ॅसे’ला ‘अग्निपरीक्षा’ म्हणू नये. त्या शब्दाशी ‘दिव्य’ करण्याचा आणि निर्दोषत्वाचा अर्थ इतका घट्ट जोडलेला आहे, की वजनाचा विचार तेथे शिरू शकत नाही. ‘भट्टीतील आमापन’ हे साधे नाव पुरे आहे.

प्रश्न : एका औषधाच्या विश्लेषण-प्रमाणपत्रावर ‘अ‍ॅसे : १०१.२ टक्के’ असे लिहिलेले पाहिले. शंभराहून अधिक शुद्धता कशी असू शकेल? ही छपाईची चूक समजावी काय?

उत्तर : ही चूक नाही. ‘अ‍ॅसे’चे भाषांतर ‘शुद्धता’ असे केल्यामुळे आपला गोंधळ झाला आहे. शुद्धता शंभराच्या पुढे जाऊ शकत नाही. आमापनाचा आकडा जाऊ शकतो, आणि त्याची कारणे दोन आहेत.

तयार गोळीच्या बाबतीत टक्केवारी लेबलवर सांगितलेल्या मात्रेच्या मानाने काढलेली असते. ५०० मिलिग्रॅम सांगितलेल्या गोळीत ५०६ मिलिग्रॅम औषध निघाले, तर आमापन १०१.२ टक्के येणार. औषधसंहितांमध्ये, म्हणजे औषधांच्या गुणवत्तेचे निकष देणाऱ्या ग्रंथांमध्ये, बऱ्याच गोळ्यांसाठी ९५ ते १०५ किंवा ९० ते ११० टक्के अशी मर्यादा ठेवलेली असते. पहिल्या मर्यादेप्रमाणे या गोळीत ४७५ ते ५२५ मिलिग्रॅम औषध चालते. कच्च्या औषधाच्या बाबतीत कारण निराळे असते. तेथे मिळालेला आकडा प्रमाण नमुन्याशी किंवा ज्ञात तीव्रतेच्या द्रावणाशी तुलना करून काढलेला असतो आणि तोलण्यात, द्रावण मोजण्यात, उपकरणाच्या वाचनात येणारी लहानशी अनिश्चितता दोन्ही बाजूंना पसरते. म्हणून ९८.५ ते १०१.५ अशा मर्यादा लिहिल्या जातात. वरची मर्यादा पदार्थाविषयी नसून पद्धतीविषयी असते. ‘शुष्क पदार्थाच्या आधारे’ अशी टीप असेल, तर ओलावा वजा करून हिशेब केला आहे, हेही ध्यानात घ्यावे.

म्हणून अशा ठिकाणी ‘शुद्धता’ हा शब्द टाळावा आणि ‘आमापन’ किंवा ‘औषधाचे प्रमाण’ असे लिहावे.

प्रश्न : मी अन्नपदार्थांच्या प्रयोगशाळेतील अहवालांचे मराठीत भाषांतर करतो. जुन्या मराठी पुस्तकांत ‘पृथक्करण’ दिसते, नव्यांत ‘विश्लेषण’. दोन्ही एकच का? आणि ‘प्रोटीन अ‍ॅसे’ला ‘प्रथिनांचे विश्लेषण’ म्हणता येईल का?

उत्तर : ‘पृथक्करण’ म्हणजे वेगळे करणे आणि ‘विश्लेषण’ म्हणजे चिकटलेले सोडवणे, ‘श्लेष’ म्हणजे मिठी किंवा जोड, तिच्याआधी ‘वि’ लागून ती सुटते. ‘अ‍ॅनॅलिसिस’ या शब्दामागच्या ग्रीक क्रियापदाचाही अर्थ सोडवणे असाच आहे. रसायनशास्त्रात दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात. मात्र आज ‘विश्लेषण’ हा शब्द निवडणुकीपासून कवितेपर्यंत सगळीकडे पसरला आहे आणि ‘पृथक्करण’ बहुतेक प्रयोगशाळेतच राहिले आहे. मिश्रणातले घटक प्रत्यक्ष वेगवेगळे काढले असतील, तर ‘पृथक्करण’. घटक कोणते व किती हे शोधले असेल, तर ‘विश्लेषण’, असा भेद पाळला तर दोन्ही शब्दांचे भले होईल. ज्या विश्लेषणात घटक कोणते एवढेच पाहतात ते गुणात्मक, ज्यात किती हेही काढतात ते परिमाणात्मक. आणि एका ठरावीक घटकाची मात्रा किंवा ताकद काढली, की ते आमापन. म्हणून ‘प्रोटीन अ‍ॅसे’ला ‘प्रथिनांचे विश्लेषण’ म्हणू नये. त्या शब्दांचा अर्थ प्रथिने कोणती आहेत आणि ती कशाची बनली आहेत, याचा शोध असा होईल. ‘प्रथिनांचे आमापन’ म्हणावे.

परंतु भाषांतर करताना याच्याही पुढे जाऊन, पद्धत प्रत्यक्षात काय मोजते, हे पाहण्याची सवय ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सांगितलेली पद्धत आजही अन्नपदार्थांसाठी वापरली जाते. तिच्यात नमुना तीव्र सल्फ्यूरिक आम्लात तापवून त्यातल्या नायट्रोजनचे अमोनियम लवण करतात, अल्कलीने त्यातून अमोनिया सोडवतात आणि तो किती आहे हे मोजतात. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, असे धरून नायट्रोजनच्या आकड्याला ६.२५ ने गुणतात. दुधासाठी हा गुणक ६.३८ आहे. म्हणजे प्रथिन मोजलेच जात नाही. नायट्रोजन मोजला जातो आणि प्रथिनाचा हिशेब मांडला जातो.

या फरकाचे भयंकर परिणाम २००८ साली चीनमध्ये दिसले. पाणी घातलेल्या दुधातली प्रथिनांची तूट लपवण्यासाठी त्यात मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळले गेले. मेलामाइनच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग नायट्रोजनचा असतो, त्यामुळे नायट्रोजन मोजणाऱ्या पद्धतीत ते दूध प्रथिनसंपन्न ठरले, आणि त्या दुधाच्या भुकटीवर वाढणाऱ्या तान्ह्या बाळांच्या मूत्रपिंडांत खडे होऊन त्यांतली काही दगावली. आमापनाचा आकडा खोटा नव्हता. आकड्यावर लावलेले नाव चुकीचे होते. आपण ज्या अहवालांचे भाषांतर करता, त्यांत मूळ मजकुराने पद्धत सांगितली असेल, तर मराठीत ‘एकूण नायट्रोजनवरून काढलेली प्रथिने’ असे पूर्ण लिहावे. चार शब्द वाढतात, पण वाचणाऱ्याला काय मोजले आहे ते कळते.

शेतकऱ्यांसाठीच्या अहवालांत ‘माती परीक्षण’ हा शब्द पक्का रुजला आहे. तेथे प्रत्यक्षात सामू, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश यांची मात्रा काढतात, तरी तो शब्द बदलण्याच्या भरीस पडू नये.

प्रश्न : इंग्रजीतील ‘अ‍ॅसे’ आणि निबंध या अर्थाचा ‘एसे’ यांचा उच्चार जवळचा आहे. त्यांचा काही संबंध आहे का?

उत्तर : आहे. दोन्ही शब्द फ्रेंचमधून आले आणि त्यांचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘एक्साजियम’ या शब्दात, म्हणजे तोलणे किंवा वजन या अर्थात आहे. तोलण्यावरून पारखणे आणि पारखण्यावरून प्रयत्न करून पाहणे, असा अर्थ वाढत गेला. फ्रेंच लेखक माँतेन यांनी १५८० मध्ये आपल्या गद्यलेखांना याच अर्थाने ‘एसे’ म्हटले : विचार तोलून पाहण्याचे प्रयत्न. पुढे एक रूप धातूंच्या व औषधांच्या कामाला लागले आणि दुसरे साहित्याच्या. मराठीतला ‘निबंध’ मात्र ‘बंध्’ म्हणजे बांधणे या धातूवरून आला आहे, त्यामुळे तेथे हा दुवा जुळत नाही आणि जुळवण्याची गरजही नाही.

प्रश्न : ‘एलायझा’ या संक्षेपातील शेवटचे अक्षर ‘अ‍ॅसे’चे आहे, असे वाचले. मग ‘एलायझा चाचणी’ ही द्विरुक्ती होते का? आणि ‘अ‍ॅसे’ हा शब्द देवनागरीत लिहिताना ‘असे’ लिहावे की ‘अ‍ॅसे’?

उत्तर : आपण वाचलेले बरोबर आहे; पूर्ण नाव ‘एन्झाइम-लिंक्ड इम्युनोसॉर्बंट अ‍ॅसे’ असे आहे. ही पद्धत १९७१ मध्ये स्वीडनमधील एंगवाल आणि पर्लमान यांनी मांडली. प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) विकर जोडायचे आणि विकराने उमटवलेल्या रंगावरून हवा तो पदार्थ ओळखायचा व मोजायचा, ही तिच्यामागची कल्पना. त्याआधी हेच काम किरणोत्सारी खूण लावून करत. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी ती पद्धत इन्सुलिन मोजण्यासाठी विकसित केली आणि तिच्यासाठी यालो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन यांचे निधन १९७२ मध्येच झाले होते. तिला मराठीत ‘किरणोत्सारी प्रतिरक्षा आमापन’ म्हणता येईल.

‘एलायझा चाचणी’ या प्रयोगात मला दोष दिसत नाही. संक्षेप एकदा नाव म्हणून रूढ झाला, की त्यातली अक्षरे कोणी सुटी करून वाचत नाही. शिवाय ही पद्धत दोन प्रकारे वापरली जाते. रक्तात विषाणूविरोधी प्रतिपिंडे आहेत की नाहीत, एवढेच पाहायचे असेल, तर ती खरोखर चाचणी आहे आणि तिचे उत्तर ‘आहेत’ किंवा ‘नाहीत’ असे येते. एखाद्या संप्रेरकाची रक्तातली पातळी काढायची असेल, तर तेथे आमापन होते, आणि ‘एलायझा पद्धतीने आमापन’ असे लिहावे. कोणता शब्द घ्यायचा, ते अहवालात आकडा हवा आहे की होकार-नकार, यावरून ठरवावे.

लेखनाचे म्हणाल, तर ‘असे’ हे रूप मुळीच घेऊ नये. मराठीत ‘असे’ हा इतका वापरातला शब्द आहे, की ‘असे करून पाहिले’ या वाक्यात प्रयोगशाळेचा काही संबंध आहे, हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. मूळ शब्द देवनागरीत द्यायचाच असेल, तर तो ‘अ‍ॅसे’ असा एकदा, पहिल्या उल्लेखाच्या वेळी, ‘आमापन’ या शब्दाबरोबर द्यावा आणि पुढे सर्वत्र ‘आमापन’ लिहावे. त्याची विशेषणे व नामे करतानाही अडचण येत नाही : आमापन-पद्धती, आमापनमूल्य, आमापनासाठीचा प्रमाण नमुना. ‘आमापणे’ असे क्रियापद करण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा, कारण ‘आमापन करणे’ हे सरळ आहे आणि वाचणाराला ते अडखळवत नाही.